व्हॅक्सिन डेपो की राजहंसगड? बेळगावात चालून चालून झालेलं मत

रोजच्या चालण्याला टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आणि रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड. गेल्या पावसाळ्यापासून हेच धरलंय. बाकीच्या जागा हिंडून आलो, पण गाडी परत इथंच येऊन थांबते.

डेपोत एकेकाळी देवीची लस तयार व्हायची, नाव त्यावरून पडलं. भर वस्तीत एवढी जुनी झाडी अजून उभी आहे हेच नशीब. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी आतल्या मातीच्या पायवाटा धराव्यात, डांबरावर चालल्यासारखे घोटे भरून येत नाहीत. मात्र जुलै-ऑगस्टात हीच तांबडी माती बुटाच्या तळाला थर धरते आणि चार पावलांवर बूट किलोभर जड होतो. तळ झिजलेला असेल तर वळणावर घसरलाच म्हणून समजा. शिवाय आपल्याकडच्या पावसात कापडी बूट वाळायचे कधी? मी त्या दोन महिन्यांत सरळ प्लास्टिकचे सँडल वापरतो, मोजे नाहीत, घरी आल्यावर नळाखाली धुतले की झालं.

थंडीत सकाळचं धुकं असतं तेव्हा इथं खरी मजा. शहर सुमारे अडीच हजार फुटांवर असल्याने डिसेंबरात कानटोपी लागतेच. कानडीतलं "आराम री?" आणि मराठीतलं "काय हो, आज उशीर?" एकाच वाटेवर ऐकू येतं. उन्हाळ्यातही सावलीमुळे आठपर्यंत चालता येतं. संध्याकाळी मात्र मी जात नाही. अंधार लवकर पडतो, कुत्री टोळीने फिरतात, आणि कुणाचा तरी वाढदिवस उरकलेला असतो: केकचा खोका, थर्माकोलच्या ताटल्या, सगळं तिथंच टाकून. घरी नेऊन टाकायला काय जड होतं की काय!

राजहंसगड शहरापासून पंधराएक किलोमीटर. गाडी वरपर्यंत जाते, पण ती पायथ्याला लावून चढा, नाहीतर व्यायाम कसला? वर सिद्धेश्वराचं देऊळ, बुरूज आणि भन्नाट वारा. ऑगस्ट-सप्टेंबरात तटावरून येळ्ळूरची बासमतीची शिवारं हिरवीगार दिसतात, त्यासाठी तरी एकदा जाच. 2023 मध्ये शिवरायांचा भव्य पुतळा उभा राहिला (अनावरण दोनदा झालं, आपल्याकडं राजकारण कुठं चुकतंय!) आणि तेव्हापासून रविवारी गर्दी वाढली. सातच्या आत वर पोचलात तर निवांत. मार्चनंतर नको, सावली नावाला नाही.

शहरातल्या बेळगाव किल्ल्याजवळचा तलाव पोराबाळांना घेऊन जायला ठीक. 110 मीटर उंच ध्वजस्तंभ बघून पोरं खूश, पण चालताना रस्त्याचे हॉर्न कानात. राकसकोपचं धरण देखणं आहे, फक्त ते शहराचं पिण्याचं पाणी आहे हे ध्यानात ठेवून काठावरूनच बघा.

जांबोटी-कणकुंबीच्या जंगलाकडं पावसात जाणार असाल तर मिठाची पुडी खिशात हवी. जळू ओढून काढू नका, मीठ टाकलं की आपोआप सुटते. तिकडचं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, आत शिरायला वनखात्याची परवानगी लागते. आधी खानापुरात चौकशी करा आणि मगच गाडी काढा, नाहीतर एवढा रस्ता तुडवून नाक्यावरूनच परत.