फीडिंग किटला ३ स्टार, किचनमधल्या वजनकाट्याला १०

तीन स्टार देतेय आणि त्यातले दोन बाटली धुवायच्या ब्रशला आहेत, हे आधीच सांगून टाकते.

वस्तू म्हणजे पाळीव प्राण्यांच्या पिल्लांना दूध पाजायचं किट, ऑनलाइन मागवलं, ४४९ रुपये. आत ६० मिलीची प्लॅस्टिकची बाटली, ५ निपल, एक बारका ब्रश आणि एक घडी घातलेला कागद. कंपनीचं नाव घेत नाही कारण हेच्या हेच किट पाच-सहा नावांनी विकतात, खोका बदलतो, आतला माल तोच. खोक्यावर कुत्रा, मांजर, ससा आणि खार, चौघंही हसतायत. खारीला या बाटलीने दूध पाजणारा माणूस मला बघायचाय एकदा.

मागवायची वेळ अशी आली की जुलैच्या धो धो पावसात आमच्या बिल्डिंगच्या मीटरबॉक्सखाली एक पिल्लू सापडलं. आम्ही लालबागला राहतो, इथे मांजरांना तोटा नाही, आणि एरवी मी पिल्लू दिसलं की लगेच उचला या मताची अजिबात नाही, आई बऱ्याचदा जागा बदलत असते, एकेक करून नेते, लांबून चार-पाच तास लक्ष ठेवलं तर येतेही. पण वॉचमनकाकांनी सांगितलं की आई दोन दिवसांपूर्वी टेम्पोखाली गेली, बाकीची दोन पिल्लं सकाळीच गेलेली, आणि हे जे उरलेलं होतं ते भिजून गार पडलेलं. मग थांबण्यात काय अर्थ होता. ओढणीत गुंडाळून वर आणलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं हे काय छटाकभर आणलंयस, जगणार आहे का ते!" तेव्हापासून नाव छटाक. वजन केलं तेव्हा ८६ ग्रॅम भरलं, म्हणजे जुन्या हिशोबाने दीड छटाक होतं, पण असो.

तीन रंगांचं पिल्लू होतं, पांढरं-काळं-भगवं, म्हणजे जवळजवळ नक्कीच मादी. नाळेचं वाळकं टोक अजून पोटाला चिकटलेलं, डोळे मिटलेले, त्यात डाव्या पापणीखाली फुगलेलं आणि कोपऱ्यातून पिवळं येत होतं, नाकातून फुरफुर, अंगावर पिसवा. थर्मामीटर लावलं तर नुसतं 'लो'.

सासूबाईंनी तोवर कपात गाईचं दूध कोमट करायला घेतलेलं, त्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांच्या माहेरी सगळी मांजरं त्यावरच वाढली. मीपण तेच केलं असतं पण नवऱ्याने ओळखीच्या व्हेट मॅडमना फोन लावला आणि पहिलं वाक्य त्या काय बोलल्या तर "दूध द्यायचं नाही, आधी गरम करा." गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालतच नाही, दूध आत तसंच पडून राहतं, आणि गिळायची ताकद नसली की श्वासनलिकेत जातं. म्हणजे भुकेने ओरडतंय म्हणून आपण घाईने पाजतो आणि तिथेच घात होतो. मे महिन्यातली हापूसची पुठ्ठ्याची पेटी माळ्यावर होती, त्यात रबरी पिशवी गरम पाण्याची, तिच्यावर टॉवेलच्या दोन घड्या, आणि पिशवी पेटीच्या अर्ध्याच भागात ठेवायची म्हणजे जास्त झालं तर पिल्लू सरकून बाजूला जाऊ शकतं. हळूहळू, तासभर. मध्ये हिरड्यांवर बोटाने ग्लुकोजचं पाणी चोळलं, थेंबभरच. मग ते वळवळायला लागलं आणि असं काही किंचाळलं की शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. शेजारी म्हणत होते बैलघोड्यात न्या, म्हणजे परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात, ते चालत जाण्यासारखं आहे आम्हाला, पण व्हेट मॅडमशी बोलणं झालंच होतं म्हणून त्यांच्याकडेच गेलो. त्यांनी कातडीखाली थोडं सलाईन दिलं, कोमट सलाईनच्या कापसाने डोळा पुसून पुसून पापणीची फट उघडली तर आतून पू आला, मग मलम आणि तोंडातून द्यायचे अँटिबायोटिकचे थेंब. औषधांची नावं लिहिणार नाही, थेंब त्याच्या वजनावर ठरवले होते आणि ८६ ग्रॅमच्या जिवाला एक थेंब इकडचा तिकडे चालत नाही. एक मात्र लिहितेच, अंग गरम लागतंय म्हणून घरातली पॅरासिटॅमॉल चुरून कुणी देऊ नका, मांजरांसाठी ते विषच आहे. आणि पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं जे जंतुनाशक आपण फरशीला वापरतो तेही पेटीजवळ नको, आमच्याकडे ते बादलीत पडणारच होतं, वेळेवर आठवलं. पिसवांसाठी औषध नाहीच या वयाला, उवांची फणी घ्या म्हणाल्या. मुलीच्या शाळेतली कृपा, ती फणी घरात होती. साबणाच्या पाण्याची वाटी शेजारी, फणी फिरवायची, पिसू वाटीत. हिरड्या पांढऱ्या पडल्यात त्या पिसवांनीच रक्त प्यायलंय म्हणून, असं मॅडम म्हणाल्या.

आता किटवर येते.

किट तिसऱ्या दिवशी आलं, तोवर मेडिकलवाल्याकडची बिनसुईची १ मिलीची सिरिंज वापरत होतो. बाटली आली म्हटल्यावर मला हायसं वाटलं, कारण दर दोन-अडीच तासांनी रात्रीबेरात्री सिरिंजने थेंब थेंब पाजणं म्हणजे काय ते मी आणि माझी पाठच जाणे. ५ निपलपैकी ४ ना भोकच नाही, आणि पाचव्याला एवढं मोठं की बाटली उलटी केली की धारच. भोक आपण पाडायचं असतं हे मला नंतर कळलं, कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. मी मूर्खासारखं विचार केला की तयार भोकवालं निपल म्हणजे तेच वापरायचं असणार. रात्री दोन वाजता लावलं. दोन घोट गेले आणि दूध नाकातून बाहेर! आणि ती अशी गप्प झाली की माझे हातपाय गळाले. नवऱ्याने तिला हातात पोटावर धरून तोंड जरा खाली केलं, नाक पुसलं, परत पुसलं, एका मिनिटाने शिंकली. सकाळी परत दवाखाना, फुप्फुस ऐकून घेतलं, वाचली. पण दूध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो आणि एवढ्याशा जिवाला तो झेपत नाही, हे मॅडमनी ज्या शांतपणे सांगितलं त्याने जास्त लाज वाटली.

त्यात त्या कागदावरचं चित्र बघा. पिल्लू बाळासारखं उताणं मांडीवर झोपलंय आणि वरून बाटली. हे इतकं चुकीचं आहे की फक्त या चित्रासाठी मी एक स्टार कापलाय. मांजराचं पिल्लू पोटावरच हवं, पाय खाली टेकलेले, मान किंचित वर, आईच्या कुशीत असतं तसंच. उताणं ठेवलं की गेलंच श्वासनलिकेत. मी विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं की रिटर्नची मुदत ७ दिवस आहे आणि वापरलेली वस्तू परत घेत नाही. अहो मी परत देत नाहीये, तुमचं चित्र बदला म्हणतेय!

बाटलीवरचे मिलीचे आकडे चार वेळा उकळल्यावर पुसले गेले. आता ती नुसती पारदर्शक बाटली आहे. २ मिली मोजायचे असतील तर ६० मिलीच्या बाटलीत तसंही काय दिसणार होतं म्हणा. आमचं सुरुवातीचं माप तेवढंच होतं, २ मिली एका वेळी, कारण अशक्त होती, आणि जास्तीत जास्त १०० ग्रॅमला ४ मिलीच्या आसपास, पोटच तेवढं असतं. जास्त पाजलं की जुलाब, आणि जुलाबाने एका दिवसात सुकतं पिल्लू. म्हणून परत सिरिंजवर. दट्ट्या कडक झाला की झटक्यात पिचकारी उडते, त्यामुळे रोज नवी सिरिंज. किमतीत म्हणाल तर आठवडाभराच्या सिरिंजा किटच्या चौथ्या हिश्श्यातसुद्धा आल्या नाहीत.

पावडरबद्दल वेगळं लिहायला हवं पण थोडक्यात, मांजरांच्या पिल्लांचीच दूध पावडर दादरच्या पेट शॉपमधून आणली, हजाराच्या वर गेली, बिल बघून सासूबाईंनी काही न बोलता नुसतं माझ्याकडे बघितलं. पण गाईच्या दुधात मांजरीच्या दुधाच्या मानाने प्रोटीन निम्म्याहूनही कमी आणि लॅक्टोज जास्त, पोट बिघडतं, आणि आजारी पिल्लाकडे बिघडायला काही शिल्लकच नसतं. पावडर कालवायची ती उकळून कोमट केलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापानेच, घट्ट-पातळ आपल्या मनाने नाही. गुठळ्या होतात, बारीक गाळणीने गाळली नाही तर सिरिंज तुंबते. कालवलेली २४ तासांच्या वर फ्रिजमध्येही ठेवायची नाही. पावडरला ४ स्टार, एक कापला तो चमचा डब्यात इतका खोल गाडलेला असतो की शोधताना अर्धी पावडर ओट्यावर.

खरा हिरो माझ्या मते किचनचा वजनकाटा. केकसाठी घेतलेला, साडेतीनशेचा, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वाटीत रुमाल टाकून शून्य करायचं आणि तिला ठेवायचं, रोज सकाळी एकाच वेळी, पाजायच्या आधी. आकडे कालनिर्णयवर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. ८६, ८४, ८५, ८५, ८८. पिल्लू बरं आहे का हे मला बघून कधीच कळलं नाही, झोपलेलं पिल्लू आणि खचत चाललेलं पिल्लू सारखंच दिसतं, पण ८४ दिसलं तेव्हा फोन केला आणि मॅडम म्हणाल्या बरं केलंत, रात्रीचं एक पाजणं वाढवा. निरोगी पिल्लू दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढतं. सहाव्या दिवशी ९७ आलं तेव्हा मी ऑफिसच्या ग्रुपवर चुकून फोटो टाकला, साहेबांनी थम्ब्स अप दिला.

पाजून झालं की काम संपत नाही, हे कुणीच आधी सांगत नाही. पिल्लाला या वयात आपणहून शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. आपण कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हलक्या हाताने फिरवायचा, दर वेळी. नवऱ्याने हे काम स्वतःहून घेतलं आणि मग त्याला त्याचा भलताच अभिमान, सकाळी चहाबरोबर रिपोर्ट, आज मोहरी फेसल्यासारखी झाली, छान घट्टसर. त्याच्याशी मी या विषयावर एवढं बोलेन असं लग्नात वाटलं नव्हतं.

साधारण आठव्या दिवशी उजवा डोळा उघडला, डाव्याला अजून तीन-चार दिवस लागले, त्यात थोडा धुरकट डाग राहिलाय, दिसतं तिला. चोखायची ताकद आली तेव्हा किटमधलं सगळ्यात छोटं निपल काढलं, गॅसवर तापवलेल्या सुईने बारीक भोक पाडलं, बाटली उलटी धरली की थेंब थेंबच पडेल इतपत. आणि मग मात्र जमलं. कान मागेपुढे हलवत चोखत होती. तिसरा स्टार तिथला. म्हणजे दहा-बारा दिवसांच्या पुढच्या, धडधाकट पिल्लाला, निपल स्वतः नीट टोचून घेणार असाल तर किट ठीक आहे. नुकत्या जन्मलेल्या आजारी पिल्लाला यातलं काहीही पहिल्या दिवशी उपयोगाचं नाही, ते ४४९ रुपये वजनकाट्यात आणि सिरिंजात घाला आणि उरलेले रिक्षाला ठेवा, दवाखान्याच्या फेऱ्या होणारच.

ब्रश मात्र खरंच चांगला आहे. बाटलीच्या तळापर्यंत जातो, केस गळत नाहीत, आता आम्ही त्याने तेलाची बुधली पण धुतो (नवा आणून, तोच नाही).

काल एकोणिसावा दिवस. मी आंघोळीला गेले होते तर सासूबाईंनीच वजन केलं, कालनिर्णयवर त्यांच्या अक्षरात २५१ आणि पुढे 'पावशेर'. दात टोचायला लागलेत, निपलचा एक तुकडा तोडला तिने परवा, पोटात गेला असता तर नसती आफत, म्हणून ते फेकून दिलं, दुसरं टोचून ठेवलंय. अजून आठवड्याभराने दुधात कालवलेलं ओलं खाणं सुरू करायचं म्हणतात मॅडम. त्यासाठीही एक किट मिळतं म्हणे, ६९९ ला, बशी आणि चमचा. बशी आमच्या घरात आहे.