पन्हाळ नसलेली घरं

खेळण्यातल्या घरांच्या किटच्या डब्यावरचा फोटो अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोकडच्या अडोबी, म्हणजे मातीच्या विटांच्या, घराचा आहे. सपाट छत, बुटका कठडा, भिंतीतून बाहेर आलेली लाकडाची टोकं, आणि रंग म्हणाल तर भिंतीला गाजर हलवा फासावा तसा. मी हे किट घेतलं असईच्या लढाईसाठी. बायकोनं डबा बघितला आणि विचारलं, "हे आपल्याकडचं गाव?" म्हटलं, रंग दिला की होईल. झालं, पण मधे दीड महिना गेला आणि एक घर पापडासारखं वाकलं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलावर 28 मिमीचे शिपाई मांडायचे, टेप लावून इंचाइंचानं पुढं सरकवायचे, गोळी लागली की नाही ते फाशांनी ठरवायचं. लढाई खरी असेल तर गंमत जास्त. असई आमच्या जालना जिल्ह्यातलंच गाव. 23 सप्टेंबर 1803 ला तिथं केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात इंग्रज सेनापती वेलस्लीनं दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसल्यांच्या फौजेला गाठलं. नदीला उतार, म्हणजे पाण्यातून पायी पार व्हायची जागा, नाही असं वाटाडे सांगत होते. दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली तेव्हा त्यानं ओळखलं की मधे उतार असणारच, आणि तो होता. हे शहाणपण आमच्या कुठल्याही म्हाताऱ्याकडं असतं, पण त्या दिवशी ते त्याला सुचलं. मराठ्यांची डावी बाजू असई गावाला टेकलेली होती, गावात तोफा आणि पायदळ होतं, आणि इंग्रजांच्या 74 व्या पलटणीचा धुव्वा त्या गावापुढंच उडाला. इंग्रजांकडचे सगळे मिळून 428 मेले आणि 1,138 जखमी झाले. म्हणजे असईच्या खेळात गाव हे शोभेचं सामान नाही, तिथंच सगळा निकाल आहे. मित्र छत्रपती संभाजीनगरहून रविवारी येतो, तो इंग्रज. मराठे माझ्याकडं, यावर चर्चा होत नाही.

तर किट. दोन घरं आणि एक वाड्याची कुंपणभिंत, 3 मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली पाटी, लेझरनं कापलेलं. 1,250 रुपये आणि वर कुरिअर. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण तक्रारी आहेत आणि माणूस फोनवर गोड बोलला. असली किटं थोड्याफार फरकानं सगळीकडं अशीच असतात, त्यामुळं खालचं वाचून कुणाचंही घेतलं तरी उपयोग होईल.

कापणी एक नंबर. दातऱ्या खाचेत अशा बसतात की फेविकॉल न लावता घर उभं राहतं. चाळीस मिनिटांत दोन्ही घरं उभी. छत सुटं आहे, उचलून आत शिपाई ठेवता येतात, आणि खेळणाऱ्याला हे सगळ्यात महत्त्वाचं. लेझरनं जळालेल्या कडांचा वास मात्र दोन दिवस खोलीत राहिला, हुरड्याच्या आगटीजवळ बसून आल्यासारखा. बायकोनं डबा गच्चीवर नेऊन ठेवला.

आता भिंत. इथं मला थांबावं लागणार आहे, कारण मी माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात वाढलोय. औसा तालुक्यात आमचं सात खणी घर होतं. त्या भिंतीत देवळी होती, देवळीत रॉकेलची चिमणी, आणि चिमणीमागं आजीची तपकिरीची डबी बसायची, तरी भिंत पलीकडं उरायचीच. दोन फूट तर सहज. 28 मिमीच्या शिपायाचं माप साधारण 1:56 धरतात. म्हणजे दोन फुटी भिंत टेबलावर 11 मिमी यायला पाहिजे. किटची भिंत 3 मिमी, तिचे खरे होतात 17 सेंटीमीटर. मातीची 17 सेंटीमीटरची भिंत बैलानं अंग घासलं तरी जाईल. दारातून बघितलं की हा पातळपणा लगेच डोळ्यावर येतो, बाकी कितीही रंगवा.

मग प्रोजेक्टचं सामान मिळतं त्या स्टेशनरीच्या दुकानातून 5 आणि 3 मिमीचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका पुठ्ठा, आणला आणि पहिल्या घराच्या भिंतींना आतून डकवला. 11 मिमी झाले. घर बघून जीव थंड झाला. मग शिपाई आत ठेवायला गेलो. त्यांच्या पायाखालच्या बैठकी 25 मिमीच्या. आधी आतली जागा 90 बाय 70 होती, सहा जण बसायचे. आता उरली 74 बाय 54. तीन जणांना 75 लागतात. एका मिलिमीटरनं तिसरा माणूस हुकला, आणि सहाच्या जागी चारच. म्हणजे किटवाल्यानं भिंत बारीक ठेवली ती येडेपणानं नाही, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या घराला मी शहाणा झालो. भिंत आहे तशी ठेवली आणि फक्त दाराखिडक्यांच्या आतल्या कडेला 8 मिमी रुंदीची पट्टी चौकटीसारखी लावली. बाहेरून जाडी दिसते, आतली जागा जवळजवळ तेवढीच राहते. घेणाऱ्यांनी थेट हेच करावं.

दाराबद्दल मात्र गप्प बसतो. दार 38 मिमी उंच, म्हणजे सात फूट. आमच्या घराचं दार पाच फुटी होतं, नवी सून असो की तलाठी, वाकूनच आत. तसं मापात करायला गेलो तर दार 27 मिमी येतं, आणि बैठकीवर उभा असलेला 28 मिमीचा गोरा शिपाई आत जाऊच शकत नाही. इतिहासाला धरून आहे, पण मित्र भांडला असता.

कोपऱ्यावर दातऱ्यांचे जळके चौकोन दिसतात, मातीच्या घराला शिवण असल्यासारखे. ते झाकायला लेप द्यावाच लागतो, आणि घर वाकलं ते इथं. भिंतीला मारतात ती पांढरी पुट्टी, त्यात फेविकॉल, थोडी बारीक वाळू आणि पाणी, असा पातळसर गारा केला. हौसेनं बाहेरून जाड थापला आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवला. जालन्याचं ऊन. अर्ध्या तासानं गेलो तर लेप सुकला होता आणि लांबची भिंत धनुष्यासारखी आत ओढली गेली होती, कोपऱ्यातला सांधा उघडा. एमडीएफ ओलं पितं, आणि लेप एकाच बाजूनं सुकून आकसला की पाटी त्या बाजूला ओढली जाते. किटबरोबरच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही. तिथं एवढंच छापलंय की आवडेल तसा रंग द्या. ही माझी मोठी तक्रार. एमडीएफला आधी दोन्ही बाजूंनी पातळ फेविकॉलचा हात मारून सुकवा, लेप पातळ द्या आणि सावलीत सुकवा, एवढी एक ओळ छापायला काय जातं?

वाळूचंही एक सांगतो. बांधकामावरून आणलेली वाळू तशीच वापरू नका. 1 मिमीचा कण म्हणजे या मापात साडेपाच सेंटीमीटरचा गोटा. मी चहाच्या गाळणीतून गाळली, मग जुन्या ओढणीतून परत गाळली. खाली राहिली ती पिठासारखी भुकटी, ती खरी कामाची. भुसा दिसावा म्हणून पायपुसण्याचा काथ्या कात्रीनं बारीक कातरून टाकला. लांबून कळत नाही, पण डोळा जवळ नेला की लेपात काड दिसतं आणि बरं वाटतं.

रंग. डब्यावर नारिंगी दाखवलाय. न्यू मेक्सिकोत शोभत असेल, तिथली माती तांबूस. आमच्याकडं शेताला काळी म्हणतात आणि गावाला पांढरी, ते उगाच नाही. काळी माती भिंतीच्या कामाची नाही, पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. घरं पांढरीच्या मातीची, आणि ती खरं तर पांढरीही नसते. राखेत थोडी हळद सांडावी, वर धूळ बसावी, तसा काहीतरी रंग. कॅमलिनचे ॲक्रेलिक वापरले. आधी सगळीकडं बर्न्ट अंबर, पाणी घालून. सुकल्यावर यलो ऑकर, पांढरा आणि अगदी टिपूसभर काळा. शेवटी ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि पांढरट रंग भिंतीवरून नुसता फिरवायचा, म्हणजे उंचवटे तेवढे उजळतात आणि भेगा अंधारात राहतात. जोत्याजवळ बोटभर पट्टा हिरवट करडा ठेवला. सणाला आई पोतेरं घेऊन तेवढंच सारवायची.

बाहेर आलेली ती लाकडं मी लावलीच नाहीत. तिकडं त्यांना विगा म्हणतात, छताच्या तुळया भिंतीतून मुद्दाम पुढं काढलेल्या. आमच्या घरात वजन आतल्या खांबांवर, खांबावर तुळई, तिच्यावर कड्या, वर बारीक लाकडांची किलचण आणि मग माती. बाहेरून लाकडाचं टोकही दिसत नव्हतं. किटमधल्या सोळा काड्या उरल्या, त्यांचे खांब केले. वाया काही गेलं नाही.

इथपर्यंत मी किटला पाचात चार दिले असते. मग अण्णा आले.

अण्णा म्हणजे वडील, वय शहात्तर, डोळ्याचं ऑपरेशन झालंय पण नजर गवंड्याची. घर हातात घेतलं, छताकडून बघितलं, उलटं करून बघितलं.

"पाणी कुठून जातंय ह्याचं?"

मी म्हटलं, अण्णा, खेळण्यातलं आहे.

"आसू दे की. चारी बाजूंनी कठडा घातलास. पन्हाळ कुठंय? पहिल्या पावसातच बसंल हे."

खरंच नव्हतं. चारी बाजूंनी बंद कठडा, एकही भोक नाही. म्हणजे घर नव्हे, हौद. मला वाटलं आमच्याकडचं खूळ असेल, पण नाही. न्यू मेक्सिकोतही कठड्यातून पन्हाळी बाहेर काढतात, तिथं त्यांना कनालेस म्हणतात. तिथल्याच टाओसची मातीची घरं अजून मातीचाच लेप देऊन राखतात, त्या लोकांना पाणी काय करतं हे सांगायला नको. अडोबी हा शब्दच मुळात अरबीतल्या वीट या अर्थाच्या 'अत्-तूब'वरून स्पॅनिशमध्ये गेलेला. इतक्या मुलखांतून फिरून आलेलं घर, आणि लेझरवाल्यानं विगा आठवणीनं दिल्या, पन्हाळ विसरला. दिसायला छान ते ठेवलं, घर जगवणारं गाळलं. अर्धा गुण इथं कापला. पाचात साडेतीन, आणि तेही कापणी चांगली म्हणून.

पुढच्या वेळी अण्णा गावाहून येताना रुमालात बांधून मूठभर पांढरी माती घेऊन आले. पडक्या गढीची. म्हणाले, माळवदावर पुट्टी नसते. दर ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, माळवदावर नवी माती पसरायची हे त्यांचं काम असायचं. गवत उपटायचं, भेगा बुजवायच्या, उतार पन्हाळीकडं करायचा. मी ओढणीतून माती गाळून दिली, पातळ फेविकॉल छतावर लावला, आणि ते चिमटीनं माती भुरभुरत बसले, रांगोळी घालावी तसे. मला वाटलं अजून एक थर द्यावा, रंग उठून दिसेल. तर माझा हात धरला.

"बास. जड करू नको."

आमच्या बाजूला याचा अर्थ सांगावा लागत नाही, पण बाकीच्यांसाठी लिहितो. जुनी माती न काढता दरवर्षी वर नवी टाकत गेलं की माळवद फूट-दोन फूट जाड होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा चिखलात रचलेल्या दगडी भिंती फाकल्या आणि हे वजन झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. आमचं घर तडकलं, पडलं नाही. तरी त्यानंतर आजी शेवटपर्यंत अंगणात, पत्र्याखाली झोपली.

पन्हाळ मी बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलची केली. कठड्याला गरम सुईनं भोक पाडायला गेलो तर एमडीएफ नुसतं जळलं, शेवटी बारीक ड्रिल लागलं. रिफील तिरकी कापून बाहेर चार मिमी काढली, वर पत्र्याचा करडा रंग. अण्णांना पटेना, त्यांना चालवून बघायचं होतं. औषधाच्या ड्रॉपरनं त्यांनी छतावर सात-आठ थेंब पाणी सोडलं. क्षणभर पाणी मातीवर थांबलं, मग उतारानं पन्हाळीकडं गेलं आणि रिफिलीतून एक थेंब बाहेर लोंबला. तो खाली न पडता भिंतीला चिकटला आणि ओघळत जोत्यापर्यंत आला, जाताना छतावरची माती घेऊन. पावसाचे असे ओघळ ब्रशनं काढायला मी आदल्या रात्री तासभर घालवला होता आणि एकही जमला नव्हता.

"पन्हाळ अजून लांब पाहिजे," अण्णा म्हणाले, "भिंत धुतंय."

दुसऱ्या घराची लांब केली. या घराचा ओघळ सुकू दिला आणि वरून मॅट वार्निश मारलं.