कीर की खैरमोडे?

६ डिसेंबरला शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर दरवर्षी हाच पेच: बाबासाहेबांचं चरित्र घ्यायचं, पण कुणाचं?

धनंजय कीर मूळचे रत्नागिरीचे, मुंबई महापालिकेत नोकरीला. त्यांचं इंग्रजी आंबेडकरचरित्र १९५४चं, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाचं. मराठी नंतर आलं. एकच जाड ग्रंथ, सरळ कालक्रम, गोष्ट सांगण्याची हातोटी. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, पानं भराभर उलटतात. याच माणसानं आधी सावरकर लिहिले, पुढे फुले आणि टिळकही. म्हणजे नायक बदलले, मांडणी फारशी नाही. नायकाबद्दलचा आदर कधीकधी जरा जास्त होतो, हे मात्र खरं.

चांगदेव खैरमोड्यांचा पहिला खंड १९५२चा. मग खंडांमागून खंड. काही तर त्यांच्या निधनानंतर, पत्नी द्वारकाबाईंच्या कष्टांमुळे आले. पत्रं, भाषणं, बारीकसारीक तपशील यांची नुसती रास. सलग वाचायला बसलात तर दमछाक होते. पण एखादा संदर्भ शोधायचा असला की मी तिथेच जातो, कीरांकडे नाही.

लोकलमध्ये दादर ते कल्याण वाचायला कीरच. खैरमोड्यांना घरात अख्खं फडताळ लागतं, आणि आमच्या वन रूम किचनमध्ये तेवढ्यावरून वाद होतो.