धंतोलीतील पोटविकार दवाखाना : तपासणी चोख, स्वच्छतागृह एकच

एचआयव्हीची औषधे नियमित घेऊनही माझ्या मोठ्या भावाचे जुलाब महिना उलटला तरी थांबेनात, म्हणून त्याला नागपुरात धंतोलीतील एका खासगी दवाखान्यात दाखवले. डॉक्टरांनी लगेच गोळी लिहून दिली नाही, ही मोठीच जमेची बाजू. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी शौचाच्या साध्या तपासणीत सहसा निसटतात, हे सांगून त्यांनी त्यासाठीची वेगळी तपासणी आणि सीडी४ (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) मोजणी करवून घेतली. चालू औषधांची चिठ्ठीही बारकाईने पाहिली, कारण रिटोनाविरसारख्या एचआयव्हीवरील औषधांनीही जुलाब होतात.

संसर्ग नसल्याचे कळल्यावर भावाने क्रोफेलेमर या एचआयव्ही रुग्णांच्या जुलाबांवरील औषधाविषयी विचारले. दक्षिण अमेरिकेतील एका झाडाच्या लाल चिकापासून काढलेले हे औषध आतड्यात पाणी सुटण्यास कारणीभूत असलेले क्लोराइडचे मार्ग रोखते आणि रक्तात जवळजवळ उतरत नाही. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. डॉक्टरांनी चाचणीचे आकडे आडपडदा न ठेवता सांगितले : १२५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेणाऱ्यांपैकी १७.६ टक्के, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ८ टक्के रुग्णांना अपेक्षित गुण आला. फरक खरा असला, तरी हुरळून जाण्याजोगा नाही, असे माझेही मत झाले. तूर्त लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी नेहमीची गोळी आणि ओआरएस यांवर भागते आहे.

तक्रार एकच, पण गंभीर. जुलाबाचे रुग्ण येतात तिथे स्वच्छतागृह एकच, तेही जिन्याखाली, आणि त्याची किल्ली भरल्या प्रतीक्षागृहात काउंटरवर मागावी लागते.