यूकेच्या बॅलटमध्ये 'नाव काढून देतो' म्हणणारे

यूकेच्या 'इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम'च्या बॅलटमध्ये, म्हणजे व्हिसासाठीच्या सोडतीत, नाव टाकायला एक पैसाही लागत नाही. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका 27 वर्षांच्या, बी.कॉम. झालेल्या मुलीकडून एका एजंटच्या ऑफिसने याच कामाचे 15,000 रुपये घेतले. नाव निघाल्यावर 'फाईल'चे म्हणून आणखी 3,40,000 गेले. शेवटी व्हिसा नाकारला गेला आणि त्या नकारावर खोटे कागद जोडल्याचा शेरा आला. तिचं किंवा त्या ऑफिसचं नाव इथे दिलेलं नाही. पण या फसवणुकीची एकेक पायरी नीट समजून घ्यायला हवी, कारण सयाजीगंज-अलकापुरीच्या कुठल्याही मजल्यावर हाच प्रकार वेगळ्या पाटीखाली चालू शकतो.

आधी योजना काय आहे ते पाहू. ती 2023 साली सुरू झाली. 18 ते 30 वयाच्या भारतीयांना वर्षाला 3,000 जागा मिळतात. बॅचलर डिग्री किंवा त्यावरचं शिक्षण लागतं, नुसता डिप्लोमा चालत नाही. यूकेमध्ये 24 महिने राहता येतं, जवळजवळ कुठलीही नोकरी करता येते, आणि जाण्याआधी नोकरी हातात असावी लागत नाही. मुदत वाढवून मिळत नाही. बॅलट ठरलेल्या दिवशी साधारण 48 तासांसाठी उघडतं. त्यात नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील, पासपोर्टचा फोटो, फोन नंबर आणि ईमेल एवढंच भरायचं असतं. बंद झाल्यावर दोनेक आठवड्यांत ईमेल येतो. निवड यदृच्छेने होते, निकालाविरुद्ध अपील नाही. ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटवर हे सगळं साध्या भाषेत लिहिलेलं आहे.

म्हणजे 'आमची आत ओळख आहे' या वाक्यात तथ्य असूच शकत नाही. तरी लोक फसतात, कारण एजंट पुरावा दाखवतो. 'आमच्याकडून मागच्या वेळी दोघांची नावं निघाली,' असं म्हणून खरेखुरे ईमेल मोबाईलवर दाखवतो. त्यामागचा हिशोब करून बघा. समजा 60 जणांकडून प्रत्येकी 20,000 घेतले, 12 लाख झाले. जाहिरात अशी की 'नाव नाही निघालं तर निम्मे परत'. दोघांची नावं नशिबाने निघाली. उरलेल्या 58 जणांना 10,000 प्रमाणे 5,80,000 परत दिले. 6,20,000 त्याच्याकडे राहिले आणि खर्च झाला शून्य. ज्यांना निम्मे परत मिळाले ते बाहेर सांगतात, 'माणूस प्रामाणिक आहे, पैसे परत केले.' ज्या दोघांची नावं निघाली ते त्याची चालतीबोलती जाहिरात होतात. रिफंडची हमी ही या धंद्यातली सगळ्यात कमाईची गोष्ट आहे, म्हणून हमी दिसली की विश्वास वाढू देऊ नका.

पंधरा-वीस हजारांवर थांबलं असतं तरी बरं. खरा फास असतो ईमेलचा. फॉर्म भरताना एजंट म्हणतो, 'तुमचा मेल राहू दे, आमच्या ऑफिसचा टाकतो, म्हणजे काही चुकायला नको.' त्या क्षणी निकाल त्याच्या हातात जातो. निवड झालीच तर ती उमेदवाराला आधी कळत नाही, त्याला कळते. या मुलीला तिची निवड झाल्याचं तीन आठवड्यांनी सांगितलं, आणि त्याच वाक्यात 3,40,000 चा आकडा सांगितला. अर्जाची मुदत चालू झालेली, आमंत्रणाचा मेल त्याच्याकडे, पासपोर्ट आणि मार्कशीटच्या ओरिजिनल्सही त्याच्याच कपाटात. घासाघीस कशाच्या जोरावर करणार? घरच्यांनी सोनं गहाण ठेवून पैसे उभे केले. 2,00,000 रोख दिले, त्याची कच्ची चिठ्ठी मिळाली.

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, 1967 च्या पासपोर्ट कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. कुठल्याही खासगी ऑफिसला तो 'फी पूर्ण होईपर्यंत' ठेवून घेण्याचा हक्क नाही. झेरॉक्स द्यायची झाली तर तिच्यावर आडवं लिहा: कोणासाठी, कशासाठी, कुठल्या तारखेला.

आता खरा खर्च बघा. व्हिसा फी 2025 च्या एप्रिलपासून 319 पाउंड होती. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम, वर्षाला 776 प्रमाणे दोन वर्षांचे 1,552. दोन्ही मिळून तेव्हा 1,871 पाउंड, म्हणजे दराप्रमाणे सुमारे सव्वादोन लाख रुपये. हे पैसे अर्ज भरताना कार्डाने थेट ब्रिटन सरकारकडे जातात. टीबीची तपासणी मान्यताप्राप्त क्लिनिकमध्ये करावी लागते, तिचे पैसे क्लिनिकला. बायोमेट्रिकसाठी (बोटांचे ठसे आणि फोटो) अहमदाबादला जायचं. एजंटचा वाटा यात कुठेच येत नाही.

इथे एक बारकावा आहे, जो फारच कमी लोकांना ठाऊक असतो. व्हिसा नाकारला गेला तर व्हिसा फी जाते, पण आरोग्य अधिभार आपोआप परत मिळतो. तो ज्या कार्डाने भरला त्याच कार्डावर जमा होतो. या मुलीच्या फाईलला एजंटने स्वतःचं कार्ड वापरलं होतं. नकार आल्यावर तो म्हणाला, 'सरकारी फी आहे ताई, परत येत नाही.' काही दिवसांनी दीड लाखाच्या वरची ती रक्कम त्याच्या खात्यावर येऊन पडली. म्हणून कार्ड आपलं किंवा घरच्यांचंच वापरायचं. 'आमच्या कार्डाला परदेशी पेमेंट लगेच जातं' हे कारण ऐकून घेऊ नका. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करायला पाच मिनिटं लागतात.

नकार आला तो बँकेच्या कागदामुळे. या व्हिसासाठी 2,530 पाउंड, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये, सलग 28 दिवस खात्यात असावे लागतात, आणि तो 28 वा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या 31 दिवसांत यावा लागतो. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खातं अर्जदाराच्या नावावर हवं. वडिलांच्या नावावरची एफडी चालत नाही. मध्यमवर्गीय घरात मुलीच्या स्वतःच्या खात्यात तीन लाख कुठून असणार? नेमकी हीच अडचण हेरून 'फंड दाखवण्याची' सोय विकली जाते. बँकेचं बनावट सर्टिफिकेट आणि स्टेटमेंट छापून दिलं जातं. व्हिसा अधिकारी बँकेकडे थेट चौकशी करू शकतात. कागद खोटा निघाला की अर्ज फेटाळला जातो, आणि अर्जदाराने जाणूनबुजून फसवलं असं ठरलं तर 10 वर्षांची बंदी लागते. 27 व्या वर्षी लागलेली 10 वर्षांची बंदी म्हणजे तिशीपर्यंतच असलेली ही योजना कायमची गेली. शिवाय पुढे कुठल्याही देशाच्या फॉर्मवर 'आधी व्हिसा नाकारला गेलाय का?' या प्रश्नाला तिला हो लिहावं लागणार. पैसे कमावता येतात, हा डाग पुसता येत नाही, आणि सही अर्जदाराची असते, एजंटची नव्हे.

तिच्या फाईलमध्ये लंडनच्या एका हॉटेलचं नोकरीपत्रही होतं. या व्हिसाला नोकरीपत्र लागतच नाही! नको असलेला कागद, तोही खोटा, फक्त आकडा फुगवण्यासाठी घातलेला. कायद्याचीही एक बाजू इथे येते. फॉर्म भरून देणारा सल्लागार वेगळा आणि परदेशी नोकरी मिळवून देणारा वेगळा. नोकरीची ऑफर देऊन भरती करायची तर 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडून परवाना लागतो. परवानाधारक एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, आणि अशा एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतो, त्याची पावती द्यावी लागते. जीएसटी नंबर किंवा 'व्हिसा कन्सल्टंट' अशी पाटी म्हणजे तो परवाना नव्हे.

ज्यांना ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाचं स्पॉन्सर सर्टिफिकेट (तिथल्या मालकाने कामगारासाठी द्यायचा कागद) 'विकत' देऊ केलं जातं, त्यांनी तर जागीच उठावं. त्या सर्टिफिकेटची फी मालकाने भरायची असते, कामगारावर ढकलायची नसते. स्पॉन्सर कंपन्यांची पूर्ण यादी ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटवर फुकट उतरवून घेता येते. केअर वर्करची परदेशातून भरती तर 22 जुलै 2025 पासून बंदच आहे, तरी त्या नावाने पैसे मागणारे भेटतील.

ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाचंही असंच. सबक्लास 462, भारतासाठी वर्षाला 1,000 जागा, वय 18 ते 30, 2024 च्या ऑक्टोबरात पहिलं बॅलट झालं. नोंदणी फी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर, ती आपल्याच इमीअकाउंटमधून (तिथल्या सरकारी व्हिसा पोर्टलवरच्या खात्यातून) भरायची. पहिल्या वर्षी दोन आठवड्यांतच सुमारे 40,000 जणांनी नावं घातली होती. म्हणजे चाळिसात एक. जो 'गॅरंटी' म्हणतो त्याला हा आकडा सांगा. तिथेही खोटा कागद सापडला तर सहसा तीन वर्षं व्हिसा मिळत नाही.

ज्यांचा व्हिसा खरोखर लागतो त्यांनाही एजंटचा ईमेल पुढे छळतो. ब्रिटनमध्ये आता व्हिसाची स्थिती ई-व्हिसात, म्हणजे सरकारी वेबसाइटवरच्या आपल्या ऑनलाइन खात्यात, असते. नोकरी धरताना आणि खोली भाड्याने घेताना त्यातून शेअर कोड (समोरच्याला आपला व्हिसा ऑनलाइन तपासता येईल असा कोड) काढून द्यावा लागतो. खात्याशी जोडलेला फोन आणि मेल बडोद्यातल्या ऑफिसचा असेल, तर लंडनच्या थंडीत उभं राहून त्याला ओटीपीसाठी फोन लावावा लागतो, आणि ओटीपीचेही पैसे मागितले गेले तर नवल वाटायला नको. खोलीचं तसंच. इथून निघण्याआधी 'तीन महिन्यांचं डिपॉझिट' भरू नका. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाडेकराराचं डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, खोली राखून ठेवण्याची रक्कम एका आठवड्याच्या भाड्याइतकीच. पहिले आठ-दहा दिवस हॉस्टेलमध्ये राहून खोली डोळ्यांनी बघणं स्वस्त पडतं. तिथे नोकरी करताना लागणाऱ्या नॅशनल इन्शुरन्स नंबरसाठी अर्जही फुकट आहे, त्याचंही पॅकेज विकलं जातं.

बडोद्यातून परदेशी जाणं आपल्याला नवं नाही. 1913 साली आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेव्हाही संस्थानाने त्यांच्याशी लेखी करार केला होता. रक्कम, मुदत, अटी कागदावर. आज दांडिया बाजारातली घरं लाखो रुपये रोख किंवा आंगडियाने (रोकड पोचवणाऱ्या खासगी पेढीने) पाठवतात आणि समोरच्याने शिक्कासुद्धा मारलेला नसतो. एजंटने करार दिलाच तर त्यात 'काउन्सेलिंग फी' असा शब्द शोधा. सगळी रक्कम त्याच नावाखाली दाखवून 'परत मिळणार नाही' असं लिहिलेलं असतं.

फसवणूक झालीच असेल तर क्रम महत्त्वाचा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. व्हॉट्सॲपचं चॅट पुसू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण एजंट 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायला फार वेळ लावत नाही. रोख दिले असतील तर ज्या दिवशी बँकेतून काढले किंवा सोनं गहाण ठेवलं त्याची नोंद हाच पुरावा. पोलिसांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे, नोकरीची ऑफर दिली असेल तर एमिग्रेशन कायद्याचाही उल्लेख करा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. लाजेपायी घरात दडवून ठेवलं की एजंटचा फायदा होतो.

आणखी एक गोष्ट करता येते. ब्रिटनच्या होम ऑफिसकडे स्वतःच्या माहितीची मागणी विनामूल्य नोंदवता येते. त्यात आपल्या नावाने काय काय दाखल झालं त्याची प्रत मागता येते. कारेलीबागेतल्या मुलीने ती मागवली. ज्या खात्यात तिने आयुष्यात 40,000 च्या वर शिल्लक पाहिली नव्हती, त्या खात्याचं 3,10,000 चं स्टेटमेंट तिला त्या कागदांत पहिल्यांदा दिसलं. तिने ते आपल्या खऱ्या पासबुकाला जोडून पोलिसांच्या अर्जासोबत दिलं.