ठिपक्यांचा पॅन की जाड बुडाचा?

नॉनस्टिक पॅन घ्यायला निघालेल्या माणसासमोर शेवटी बहुधा दोनच पॅन उरतात. एकाची जाहिरात महिनाभर डोळ्यांसमोर नाचत असते. आतून करडा, त्यावर काळे-पांढरे ठिपके, नावात ग्रॅनाइट, मार्बल, स्टोन किंवा डायमंड. दुसरा त्याच फळीवर मागच्या रांगेत असतो. काळा, साधा, हातात घेतला की मनगटाला लगेच वजन कळतं, आणि त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मी आधी पहिला घेतला, दीड वर्ष वापरला. मग दुसरा घेतला, त्याचं आता तिसरं वर्ष चालू आहे. दोन्ही २४ सेंटीमीटरचे, दोन्ही रोजच्या वापरातले, शेगडीही तीच. म्हणून या दोघांबद्दल जरा खात्रीने बोलू शकतो, बाकीच्यांबद्दल अंदाजाने.

जाहिरातीपासून सुरुवात करतो, कारण निम्मी निवड तिथेच होऊन जाते. तेलाचा थेंब न घालता अंडं पॅनभर घसरतं, जळलेली साखर सहज निघून येते, वितळलेलं चीज अलगद सोलून हातात येतं. यात खोटं काही नसतं. पण पहिल्या दिवशी हे कुठलाही नॉनस्टिक पॅन करतो, अगदी पातळ पत्र्याचासुद्धा. मग त्यावर तारेची घासणी फिरवतात, नाण्याने खरवडून दाखवतात. त्यातून कोटिंग टणक आहे एवढंच कळतं. टणकपणा वेगळा आणि निसरडेपणा वेगळा. एकही ओरखडा नसलेल्या पॅनला अंडं घट्ट चिकटू शकतं, माझ्या पहिल्या पॅनला चिकटायचं. आपल्याला उत्तर हवं असतं दोनशेव्या दिवसाचं, आणि जाहिरातीत नेहमी पहिलाच दिवस असतो.

ठिपक्यांमुळेही बरीच गफलत होते. तो दगड नव्हे, कोटिंगमध्येच दिलेला रंग आहे. त्या रंगामागे दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर पीटीएफई, म्हणजे आपण सरसकट टेफ्लॉन म्हणतो ते. नाही तर सिलिकावर आधारलेला लेप, ज्याला बाजारात सिरॅमिक म्हणतात. भट्टीत भाजलेल्या मातीच्या सिरॅमिकशी त्याचं फक्त नावापुरतं नातं. माझा ठिपक्यांचा पॅन सिरॅमिकचा होता, काळा पीटीएफईचा आहे. पण ठिपके असलेला प्रत्येक पॅन सिरॅमिक असतो असं अजिबात नाही, आणि खोक्यावरची मोठी अक्षरं हे सांगतीलच असंही नाही. खोक्यावर फक्त ‘पीएफओए-मुक्त’ लिहिलं असेल आणि पीटीएफई किंवा पीएफएएस (पीटीएफई ज्या रसायनांच्या कुटुंबातलं आहे ते) यांबद्दल एक शब्दही नसेल, तर आत बहुधा पीटीएफईच आहे असं मी धरून चालतो.

त्या ‘पीएफओए-मुक्त’ शिक्क्याला तर आता फारसं वजन देऊ नये असं मला वाटतं. पीएफओए हे पीटीएफई बनवताना वापरलं जाणारं एक मदतनीस रसायन. त्याचे दुष्परिणाम पुढे आल्यावर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००६ मध्ये आठ मोठ्या उत्पादकांकडून ते २०१५ पर्यंत बंद करण्याचं वचन घेतलं आणि २०१९ मध्ये ते घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं. म्हणजे आज जे जवळपास सगळेच पाळतात तेच खास म्हणून सांगितलं जातंय. खरा मतभेद आहे तो पीएफएएस या मोठ्या कुटुंबाबद्दल, आणि पीटीएफई स्वतः त्याच कुटुंबातलं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीएफएएस घातलेल्या भांड्यांची विक्री बंद केली. त्याच वर्षी फ्रान्सने पीएफएएसवर बंदीचा कायदा केला, पण त्यातून स्वयंपाकाची भांडी वगळली. या कुटुंबातलं काहीच घरात नको असं तुमचं ठरलं असेल तर ते मत मला रास्त वाटतं, आणि मग सिरॅमिकच घ्या. पुढे मी बुडाबद्दल जे म्हणणार आहे ते मात्र तुम्हालाही तितकंच लागू आहे.

बुडाकडे वळण्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट या ड्यूपाँट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञाने गॅसचं एक नळकांडं उघडलं तर गॅस बाहेर येईना, वजन मात्र तेवढंच. कापून पाहिलं तर आत पांढरी भुकटी. ते पीटीएफई. त्याला काहीच चिकटत नाही, हाच त्याचा गुण आणि हीच अडचण, कारण मग ते स्वतः भांड्याला चिकटवायचं कसं? १९५४ मध्ये मार्क ग्रेग्वार या फ्रेंच इंजिनिअरने अॅल्युमिनियम आम्लाने किंचित खाववून त्याला बारीक खाचा पाडल्या आणि त्या खाचांत पीटीएफई धरून ठेवलं. टेफ्लॉन आणि अॅल्युमिनियम मिळून टेफाल हे नाव झालं. सांगायचं कारण असं की नॉनस्टिकची सगळी भिस्त तेव्हापासून आजपर्यंत लेपाखालच्या धातूवर आहे. वरचा लेप मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे जाडी साधारण केसाच्या आसपास किंवा त्याहून कमी. पाच थर म्हटलं तरी ते पाचही थर त्यातच आले. हा एवढासा लेप टिकायचा तर खालचा धातू जागचा हलता कामा नये.

माझ्या पहिल्या पॅनचा धातू हलला.

तिसरा-चौथा महिना असेल. सकाळी पॅन ठेवला, मधोमध चमचाभर तेल सोडलं. तेलाने क्षणभर दम धरला आणि मग ते चारही बाजूंनी कडेकडे सरकायला लागलं. बघता बघता कडेने तेलाचं कडं झालं आणि मधला गोल कोरडा राहिला. अंडं फोडलं तर पांढरं पळालं कडेला आणि पिवळं एका बाजूला घसरून तिथेच शिजलं. पॅन हलवून तेल मध्ये आणलं, हात काढला की परत कडेला. मला आधी शेगडीचाच संशय आला. पॅन अर्धा फिरवला, ओट्यावर पाण्याची थाळी ठेवून ओटा कलला आहे का ते पाहिलं. ओटा सरळ होता. मग पॅन पालथा घातला, बुडावर आडवी फुटपट्टी ठेवली आणि डोळा पट्टीच्या पातळीला आणला. मध्ये एवढी फट होती की तिच्यातून नाणं आरपार गेलं.

त्यानंतर वर्षभर रोज सकाळी तेच. ऐकायला ही तक्रार किरकोळ वाटते, मला कल्पना आहे. पण रोजच्या भांड्यात रोजचीच अडचण असली की ती मोठी होत जाते. शिवाय ती तेवढ्यावर थांबत नाही. मधला उंचवटा तेलाविना तापतो, म्हणून लेप आधी तिथे मरतो. कडेला साचलेलं तेल तापून तापून पिवळट होतं, त्याचा चिकट पापुद्रा बसतो, तो घासून जात नाही. सिरॅमिकवर हा पापुद्रा लवकर धरतो असा माझा अनुभव आहे. सहाव्या महिन्यात ऑम्लेट मध्ये फाटायला लागलं, कडेला चिकटायला लागलं. पॅन तेव्हाही दिसायला नवा होता, ठिपके जसेच्या तसे.

हे का होतं तेही सांगायला हवं, कारण दुकानात काय पाहायचं ते त्यातूनच कळतं. पॅन आधी बुडाला तापतो. तापलेल्या बुडाला पसरायचं असतं, पण भोवतीच्या थंड भिंती त्याला आवळून धरतात. मग ते वर तरी उचलतं नाही तर खाली तरी फुगतं. त्यात पॅन इंडक्शनचा असेल तर अॅल्युमिनियमच्या बुडात पोलादाची चकती दाबून बसवलेली असते, कारण अॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. तापल्यावर अॅल्युमिनियम त्या पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. दोघांची रोज ओढाताण होते. बूड जाड असेल तर ते हे सोसतं, पातळ पत्रा वाकतो. मोठ्या आचेवर एकदम तापवलं किंवा तापलेला पॅन थंड पाण्याखाली धरला तर लवकर वाकतो. पहिल्या महिन्यांत मी दोन्ही केलं होतं, तेव्हा सगळा दोष पॅनला देता येणार नाही. पण दुसऱ्या पॅनलाही माझ्या हातून तसंच एक-दोनदा झालं आणि त्याचं बूड अजून सपाट आहे.

म्हणून आता दुकानात जाताना खिशात एक लहान फुटपट्टी असते. पॅन पालथा घालायचा, बुडावर पट्टी आडवी, मग उभी ठेवायची. मध्ये कागद जाईल एवढी बारीक फट दिसली तर घाबरू नका. थंड असताना बूड किंचित आत ठेवतात, म्हणजे तापल्यावर ते सपाट होतं. नाणं जाईल एवढी फट असेल तर पॅन खाली ठेवा. पट्टी मध्ये टेकून दोन्हीकडे डुगडुगली, म्हणजे बूड बाहेर फुगलेलं असलं, तर तो पॅन काचेच्या शेगडीवर गोल फिरत राहील. मग दोन्ही अंगठ्यांनी आतून मधोमध जोरात दाबा. पत्र्याच्या डब्याचं झाकण दबतं तसं किंचितही जाणवलं तर माझ्या मते विषय संपला.

कडही बघा. वरची कड वळवून आत मुडपलेली किंवा सुरीसारखी पातळ असेल, तर बहुधा सपाट पत्र्याला आधी लेप लावून मग साच्यात दाबलेला पॅन असतो. ओतीव पॅनची कड जाड असते, आणि बूड भिंतीपेक्षा जाड असतं. आतला भाग उजेडाकडे तिरका धरला की टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं किंवा लेपात अडकलेला कण असेल तर दिसतो, लेप तिथूनच सुटायला लागतो. दांडा जोडणाऱ्या रिव्हेटांबद्दल मी फार आग्रही नाही. आजीवन हमीच्या अटी मात्र जरूर वाचा. पृष्ठभागाची झीज आणि रंग बदलणं त्यातून बहुधा वगळलेलं असतं, आणि नॉनस्टिकमध्ये बिघडतं ते नेमकं तेच.

ऑनलाइन घेत असाल तर पट्टी लावता येत नाही. तिथे मी वजन बघतो. एकाच व्यासाच्या दोन पॅनमध्ये, दांडे सारखेच असतील तर, जड तो बहुधा जाड. माझा पहिला अर्ध्या किलोच्या जरा वर होता, दुसरा किलोच्या जरा खाली. अभिप्राय वाचायचे तर पहिल्या आठवड्यातली कौतुकं सोडून द्या, सहा महिन्यांनी परत येऊन लिहिणाऱ्यांचे शोधा.

आता काळ्या पॅनच्या उणिवा, कारण त्या आहेत. तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, घाईच्या वेळी हे जाणवतं. भरलेला असला की एका हाताने उचलायला जड, माझी आई तो वापरत नाही. आणि आचेच्या बाबतीत सिरॅमिक उजवंच आहे, हे मान्य करावं लागेल. पीटीएफई २६० अंशांच्या पुढे नेऊ नये, साधारण ३५० नंतर ते विघटित होऊन त्याची वाफ घातक होते, विशेषतः पाळलेल्या पक्ष्यांना. रिकामा पॅन मोठ्या आचेवर विसरला तर तिथवर पोहोचायला काही मिनिटं पुरतात. सिरॅमिकचा लेप त्याहून बराच जास्त ताप सोसतो आणि तसा धूर सोडत नाही. घरात पक्षी असेल, किंवा शेगडीवर भांडं ठेवून दुसऱ्या खोलीत जायची सवय असेल, तर माझी पसंती बाजूला ठेवा आणि जाड बुडाचं सिरॅमिक शोधा. तसंही मिळतं, फक्त जाहिरातीत कमी दिसतं.

या दोन्ही गोष्टी तुम्हाला लागू नसतील, मध्यम आचेवर लाकडी उलथण्याने रोजचं काम करायचं असेल, तर मी काळ्या पॅनकडेच बोट दाखवीन. तिसऱ्या वर्षी त्याचा निसरडेपणा पहिल्यासारखा नाही, मासा करताना थोडं तेल जास्त लागतं. पण तेल मधोमध सोडलं की मधोमध राहतं.

कुठलाही घेतलात तरी पहिल्या आठवड्यात पाच-सहा वेळा वापरून झाल्यावर एकदा रिकामा पॅन मंद आचेवर कोमट करा, मध्ये चमचाभर तेल घाला आणि नुसतं पाहत राहा. तेल कडेला पळालं, तर परत करायची मुदत संपलेली नाही ना एवढं तपासा आणि खोकं फेकू नका.