मिकासा जहाजाचं मॉडेल किट (१/७००): घ्या, पण मे महिन्यात जोडायला बसू नका

किट मस्तय, आधीच सांगून टाकतो. जपानी कंपनीचं, ऑनलाइन मागवलं, भुसावळला पोचेस्तोवर खोक्याचा एक कोपरा चेपला होता पण आतला माल शाबूत. खरं जहाज म्हणजे जपानची जुनी युद्धनौका, १३१ मीटरची, हे सातशेपट लहान, वीतभर.

मिकासा म्हटलं की सगळे तिच्यावरून जपानी ताफा चालवणाऱ्या ॲडमिरल तोगोचं नाव घेतात. मला हवी होती ती मागची टरेट (तोफांचा फिरता बुरूज), कारण १० ऑगस्ट १९०४ ला रशियाविरुद्धच्या पिवळ्या समुद्रातल्या लढाईत जपानचा प्रिन्स फुशिमी हिरोयासू याच जहाजावर जखमी झाला आणि मागच्या १२ इंची तोफाही त्याच दिवशी कामातून गेल्या. वय २८. थेट राजघराण्यातला माणूस, १८७५ चा जन्म, पोरवयातच काचो या राजघराण्याच्या शाखेच्या गादीवर बसवलेला, नौदलाचं शिक्षण घ्यायला जर्मनीत जाऊन आलेला, आणि १९०४ लाच परत आपल्या मूळ फुशिमी घराण्यात आला. भाचा शेजारी बसून विचारतो, "राजाना पोऱ्या व्हता ना मामा, मंग लढाले कशाले गया?" अरे बाबा, १८७३ पासून मेजी सम्राटाचा हुकूमच होता, घराण्यातल्या पुरुषांनी सैन्यात नाहीतर नौदलात जायचं. पुढे १९३२ ला हाच नौदलाच्या जनरल स्टाफचा (लढाईच्या योजना आखणाऱ्या कचेरीचा) प्रमुख झाला, ती कारकीर्द मला काही पटत नाही, पण सुरुवात नुसती मिरवायची नव्हती एवढं मान्य करावं लागतं.

आता तक्रार. ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) कंपनीने जीव ओतलाय, कठडे बिठडे सगळं बारीक, आणि मागची टरेट दोन तुकड्यांत उरकलीये! छतावर जोडाची रेघ दिसते, पुट्टी भरून घासावीच लागते. तोफांची तोंडं बुजलेली आहेत, टाचणी तापवून भोक पाडलं तेव्हा कुठे तोफ वाटली. माहितीपत्रकात प्रिन्सचं नाव सुद्धा नाही.

आणि आपल्याकडचं ऊन, ४५ डिग्रीत रंग ब्रशवरच सुकतो, कूलरसमोर बसलं तर बारके पार्ट उडून पलंगाखाली, म्हणून रात्री जेवण झाल्यावरच बसायचं.

मास्किंग टेप हार्डवेअरवाल्याकडे मिळते, चिमटा कटलरीत मिळतो. प्लास्टिक मॉडेलचं सिमेंट (तुकडे चिकटवायचं द्रावण) मात्र इकडे कुठं मिळत नाही, किटसोबतच मागवा. झटपट चिकटणारं गोंद लावू नका, पांढरे डाग पडतात. पाचपैकी चार स्टार, एक मागच्या टरेटसाठी कापला.